दोन अपत्यांचे गणित : सशर्त संभाव्यता, स्वतंत्र घटना आणि सातारा-सांगलीचे वास्तव

प्रस्तावना

उच्च माध्यमिक स्तरावरील गणितात संभाव्यता हे प्रकरण हमखास गुण मिळवून देणारे, आणि म्हणून सोपे, मानले जाते. नाणी, फासे, पत्ते आणि पिशवीतील रंगीत चेंडू एवढ्या साहित्यावर प्रकरण उभे राहते व सूत्रात किमती घालून संपते. राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश आणि घटना या संकल्पनांची मराठीतून ओळख होते. सशर्त संभाव्यता, स्वतंत्र घटना आणि बेजचे प्रमेय हा भाग मात्र २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात येतो. विज्ञान शाखेत तोपर्यंत अध्ययनाची भाषा इंग्रजी झालेली असते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील असंख्य विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकून कनिष्ठ महाविद्यालयात येतात. त्यांच्यासाठी विषयातील सर्वांत नाजूक वळण आणि भाषेतील बदल एकाच वेळी समोर उभे राहतात.

संकल्पना न कळताही उत्तर बरोबर येऊ शकते, ही या प्रकरणाची खरी अडचण आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी एकच उदाहरण तपासले आहे. दोन अपत्ये असलेल्या कुटुंबाचे हे उदाहरण जवळजवळ प्रत्येक पुस्तकात व मार्गदर्शकात आढळते. ते निरुपद्रवी वाटत असले तरी सातारा-सांगलीच्या वर्गात निरुपद्रवी राहत नाही. या दोन जिल्ह्यांत पहिल्या अपत्याचे लिंग आणि दुसऱ्या अपत्याचे लिंग यांतील संबंध हा जनगणनेचा, कायद्याचा आणि घराघरांतील दुःखाचा विषय राहिला आहे.

उदाहरणात दडलेली गृहीतके

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातील संभाव्यतेच्या प्रकरणात हे उदाहरण सशर्त संभाव्यतेच्या पहिल्याच विभागात येते. दोन अपत्यांपैकी निदान एक मुलगा आहे हे कळल्यावर दोन्ही अपत्ये मुलगे असण्याची संभाव्यता विचारली जाते. नमुना अवकाशात मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा व मुलगी-मुलगी अशा चार निष्पत्ती घेतल्या जातात. अटीमुळे शेवटची निष्पत्ती गळते, उरलेल्या तीनपैकी एक अनुकूल ठरते आणि उत्तर १/३ येते. अट म्हणजे नमुना अवकाश आक्रसणे, ही मध्यवर्ती कल्पना या मांडणीतून चांगली स्पष्ट होते. तेवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

परंतु या चार निष्पत्तींना प्रत्येकी १/४ संभाव्यता कोठून मिळाली? त्यामागे दोन गृहीतके आहेत. प्रत्येक जन्मी मुलगा व मुलगी समसंभाव्य आहेत, हे पहिले. दुसऱ्या अपत्याचे लिंग पहिल्याच्या लिंगापासून स्वतंत्र आहे, हे दुसरे. याच विभागाच्या स्वाध्यायातील मुलींविषयीच्या प्रश्नात पहिल्या गृहीतकाचा उल्लेख केलेला आहे, दुसऱ्याचा नाही. त्यातही स्वतंत्र घटनांची व्याख्या दोन विभागांनंतर येते. जी संकल्पना अद्याप शिकवलेली नाही, तिच्या आधारे उदाहरण सोडवले जाते आणि तिचे नावही घेतले जात नाही. पुढे व्याख्या येते तेव्हा आपण ही गोष्ट आधीच वापरून बसलो आहोत, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येण्याचे कारण उरत नाही.

पहिले गृहीतकही काटेकोर नाही. मानवी जन्मांत मुलांचे प्रमाण किंचित अधिक असते. साधारणपणे १००० मुलांमागे ९५० च्या आसपास मुली जन्मतात. म्हणजे मुलगी जन्मण्याची संभाव्यता ०.५ नसून ०.४८७ च्या जवळपास आहे. वर्गातील उदाहरणासाठी १/२ घेण्यात काही बिघडत नाही. मात्र तो सोयीसाठी घेतलेला अंदाज आहे, हे सांगणे आवश्यक ठरते.

'स्वतंत्र' या शब्दाचा व्यवहारातील अर्थ

संकल्पनेच्या वाटेत मराठी शब्दाचा व्यवहारातील अर्थही आडवा येतो. स्वतंत्र खोली, स्वतंत्र चूल, स्वतंत्र शिधापत्रिका या प्रयोगांत 'स्वतंत्र' म्हणजे वेगळा, दुसऱ्याशी सामायिक काही नसलेला. ही जाण घेऊन विद्यार्थी वर्गात येतो व स्वतंत्र घटना म्हणजे ज्यांत एकही निष्पत्ती सामायिक नाही अशा घटना, असे समजतो. ही व्याख्या प्रत्यक्षात परस्पर अपवर्जी घटनांची आहे.

या दोन संकल्पना जवळच्या नाहीत, उलट एकमेकींच्या विरोधात जातात. दोन घटना परस्पर अपवर्जी असतील तर एक घडल्याचे कळताच दुसरी घडलेली नाही हे निश्चित होते. दोन्हींची संभाव्यता शून्याहून अधिक असेल, तर अशा घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत. स्वातंत्र्याचा गणिती अर्थ माहितीशी निगडित आहे. 'ब' घडल्याचे कळूनही 'अ' विषयीची आपली अपेक्षा तीळभरही बदलत नसेल, तर 'अ' आणि 'ब' स्वतंत्र. हा फरक पुस्तकांत टिपेच्या रूपाने नोंदवलेला असतो, परंतु गैरसमजाचे मूळ शब्दाच्या रोजच्या वापरात आहे, हे त्या टिपेत येत नाही. मराठीतून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर तेच प्रथम उकलावे लागते.

माहिती कशी मिळाली, हा प्रश्न

दोन अपत्यांच्या उदाहरणावरील वाद जुना आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात ते मांडले आणि प्रश्नाची शब्दयोजना संदिग्ध असल्याचे पुढे स्वतःच मान्य केले. ही संदिग्धता जवळच्या प्रसंगांतून सहज स्पष्ट होते.

दोन अपत्ये असलेली ४०० कुटुंबे घेऊ आणि पुस्तकाची दोन्ही गृहीतके मान्य करू. चारही प्रकारची प्रत्येकी १०० कुटुंबे मिळतील. गावाच्या नोंदवहीतून निदान एक मुलगी असलेली कुटुंबे वेगळी काढली तर ती ३०० भरतात आणि त्यांपैकी १०० कुटुंबांत दोन्ही मुली आहेत. उत्तर १/३. आता दुसरा प्रसंग. या कुटुंबांतील सर्व मुली एका कन्याशाळेत शिकत आहेत असे समजू आणि त्यांतील एकीला सहज निवडून तिला बहीण आहे का, असे विचारू. मुलींची एकूण संख्या ४००. त्यांपैकी २०० मुली दोन मुलींच्या कुटुंबांतील. उत्तर १/२.

दोन्ही प्रसंगांत 'या कुटुंबात निदान एक मुलगी आहे' हेच वाक्य खरे आहे, तरी उत्तरे भिन्न येतात. एकदा कुटुंब निवडले, एकदा मुलगी निवडली. अट म्हणजे केवळ कळलेले वाक्य नव्हे. ते ज्या रीतीने कळले ती रीतही अटीचाच भाग असते. जनगणनेचे प्रगणक म्हणून घरोघर जाणाऱ्या प्राथमिक शिक्षकांना आणि शाळेच्या पटावरून कुटुंबाची माहिती भरणाऱ्या वर्गशिक्षकांना हा फरक कामातूनच भेटतो. पाठ्यपुस्तक मात्र त्याविषयी मौन बाळगते.

नकुशी : नसलेले अवलंबित्व

सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात झालेल्या एका समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांची आधीची नावे नकुशी, नकुसा अशी होती. म्हणजे नको असलेली. मुलींवर मुली झाल्या की पाठच्या मुलीला हे नाव ठेवण्याची प्रथा होती. तिच्या मुळाशी नाराजीबरोबर एक समजही होती. मुलगी नकोशी आहे असे नावातूनच जाहीर केले की पुढच्या खेपेस मुलगा होतो, अशी ती समज.

संभाव्यतेच्या भाषेत ही समज म्हणजे नसलेल्या अवलंबित्वावरचा विश्वास होय. तीन मुली झाल्यानंतर चौथ्या खेपेस मुलगा होण्याची संभाव्यता पहिल्या खेपेइतकीच, निम्म्याच्या आसपास, राहते. निसर्गतः एका कुटुंबातील जन्मांची लिंगे एकमेकांपासून जवळजवळ स्वतंत्र असतात. 'तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार' हे अनुमान आणि 'तीनदा काटा पडला, आता छापाच पडणार' हे अनुमान या दोन्हींत चूक एकच आहे. नाण्याला आधीची फेक आठवत नाही, हे वाक्य वर्गात नेहमी उच्चारले जाते. त्याच न्यायाने गर्भालाही घरातील थोरल्या बहिणींची संख्या माहीत नसते आणि धाकटीचे नाव काय ठेवले तेही माहीत नसते.

सशर्त संभाव्यतेच्या अज्ञानाची किंमत येथे एखाद्या गुणाने मोजली गेलेली नाही. शाळेच्या हजेरीपटावर रोज पुकारल्या जाणाऱ्या नावाने एका मुलीने ती मोजली आहे.

मुलगा होईपर्यंत : थांबण्याच्या नियमाचा परिणाम

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. अनेक कुटुंबे मुलगा होताच थांबत असतील, तर त्यामुळेच मुलींचे प्रमाण घटत नसेल काय? हा युक्तिवाद ऐकताना पटतो. परंतु स्वतंत्र घटनांची संकल्पना वापरून तो वर्गातच तपासता येतो.

१००० कुटुंबे घेऊ. प्रत्येक कुटुंब पहिला मुलगा होताच थांबते, अथवा फार तर तीन अपत्यांपर्यंत जाते. पहिल्या फेरीत ५०० मुलगे व ५०० मुली. मुलगी झालेली ५०० कुटुंबे पुढे जातात. त्यांना २५० मुलगे व २५० मुली होतात. उरलेल्या २५० कुटुंबांना १२५ मुलगे व १२५ मुली. एकूण मुलगे ८७५, मुली ८७५. प्रत्येक फेरीत विभागणी समान राहिल्याने बेरीजही समान राहते.

जन्म स्वतंत्र असतील तर कुटुंबाने कोठे थांबावे याचा कोणताही नियम एकूण प्रमाण बदलू शकत नाही. या नियमाने बदलते ती मुलींची वाटणी. वरील उदाहरणात एकुलती एक मुलगी एकाही घरात आढळत नाही; एकुलता एक मुलगा मात्र ५०० घरांत आढळतो. मुली अधिक अपत्यांच्या घरांत एकवटतात आणि घरातील साधनांची वाटणी अधिक जणांत होते. नकुशीचे घर बहुधा असे मोठे असते. तेथे मुलीची उपेक्षा होते, परंतु तिचा जन्म झालेला असतो. त्यामुळे मुलींची संख्याच घटल्याचे दिसत असेल, तर केवळ 'मुलगा होईपर्यंत' या वृत्तीने तिचे स्पष्टीकरण मिळत नाही. कारण अन्यत्र शोधावे लागते.

लादलेले अवलंबित्व

२००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर १००० मुलांमागे सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगली जिल्ह्यात ८५१ मुली आढळल्या. राज्याचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते, ते २००१ मध्ये ९१३ वर आले. २०११ च्या अंतिम आकड्यांनुसार राज्यात ८९४, साताऱ्यात ८९५ व सांगलीत ८६७ अशी नोंद झाली. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही.

हा फरक योगायोगाचा असू शकेल काय? एक लाख बालकांचा गट घेतल्यास नैसर्गिक प्रमाणानुसार त्यात सुमारे ४८,७०० मुली अपेक्षित आहेत. जन्म स्वतंत्र असतील तर या संख्येत योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे प्रमाण विचलन सुमारे १६० येते. सांगलीच्या २००१ च्या प्रमाणानुसार मात्र एवढ्या गटात सुमारे ४६,००० मुली भरतात. सुमारे २,७०० ची ही तूट प्रमाण विचलनाच्या सतरा पटींइतकी आहे. बालमृत्यूंतील तफावत आणि नोंदणीतील त्रुटी यांचा काही वाटा या आकड्यात असू शकतो. योगायोग हे उत्तर मात्र बाद होते.

अशा विचारपद्धतीचा इतिहासही उद्बोधक आहे. जॉन आर्बथनॉट यांनी १७१० मध्ये लंडनमधील ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक वर्षी मुलांची संख्या मुलींहून अधिक होती. समान संभाव्यतेतून असे घडणे अशक्यप्राय आहे, असे दाखवून त्यांनी त्यात दैवी योजना पाहिली. सातारा-सांगलीच्या आकड्यांत दैवी योजना शोधण्याचे कारण नाही.

२००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास येथे निर्णायक ठरतो. देशभरातील सुमारे ११ लाख कुटुंबांच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या या अभ्यासात १९९७ मधील जन्मांचे प्रमाण आधीच्या अपत्यांच्या लिंगानुसार वेगळे काढलेले आहे. पहिले अपत्य मुलगी असल्यास दुसऱ्या जन्मात १००० मुलांमागे ७५९ मुली. पहिल्या दोन्ही मुली असल्यास तिसऱ्या जन्मात ७१९. पहिले अपत्य मुलगा असल्यास मात्र दुसऱ्या जन्मात १००० मुलांमागे ११०२ मुली आढळल्या. हे आकडे देशाचे आहेत, या दोन जिल्ह्यांचे नाहीत. तरीही जिल्ह्यांच्या तुटीमागील यंत्रणा कोणत्या स्वरूपाची असू शकते, हे त्यांतून दिसते.

पाठ्यपुस्तकाच्या भाषेत या सशर्त संभाव्यताच आहेत. पहिली मुलगी असता दुसरी मुलगी होण्याची संभाव्यता ७५९ भागिले १७५९, म्हणजे सुमारे ०.४३. पहिला मुलगा असता ती ११०२ भागिले २१०२, म्हणजे सुमारे ०.५२. घटना स्वतंत्र असत्या तर हे दोन आकडे सारखे आले असते.

या किमती घालून दोन अपत्यांचे उदाहरण पुन्हा सोडवता येते. सोयीसाठी पहिल्या जन्मात मुलगी होण्याची संभाव्यता १/२ घेऊ. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता ०.२१६ येते आणि निदान एक मुलगी असण्याची ०.७६२. म्हणून निदान एक मुलगी असता दोन्ही मुली असण्याची संभाव्यता १/३ न राहता सुमारे ०.२८ होते. थोरली मुलगी आहे हे कळल्यास धाकटीही मुलगी असण्याची संभाव्यता ०.४३, तर धाकटी मुलगी आहे हे कळल्यास थोरलीही मुलगी असण्याची ०.४५. पुस्तकी उत्तर दोन्ही ठिकाणी १/२ आहे.

यांतील दुसरे उत्तर विशेष विचार करण्याजोगे आहे. धाकटीच्या जन्माने थोरल्या अपत्याचे लिंग बदलत नाही, हे उघड आहे. तरीही धाकटी मुलगी आहे हे कळल्यावर थोरला मुलगा असावा ही अपेक्षा वाढते, कारण तसे असल्यास तिच्या जन्मात अडथळा आणला जाण्याचा संभव कमी असतो. अट म्हणजे कारण नव्हे आणि अट काळाने आधी घडलेली असावी लागत नाही, हे सशर्त संभाव्यतेतील कठीण सूत्र या एका उदाहरणातून स्पष्ट होते.

निसर्गात नसलेले हे अवलंबित्व गर्भलिंगनिदान व निवडक गर्भपात यांनी निर्माण केले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व १९९६ पासून अमलात आला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. नकुशीच्या प्रथेत स्वतंत्र घटना अवलंबित असल्याचे मानले गेले होते. येथे त्या प्रत्यक्षात अवलंबित करण्यात आल्या.

अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनावरून दोन अपत्यांचे उदाहरण वर्ज्य करावे, असा निष्कर्ष निघत नाही. ते अधिक प्रामाणिकपणे मांडण्याची गरज आहे. स्वातंत्र्याचे गृहीतक उदाहरणातच शब्दांत लिहिले जावे. किमान ते उदाहरण स्वतंत्र घटनांच्या व्याख्येनंतर पुन्हा घेतले जावे. माहिती मिळण्याची रीत प्रश्नातच स्पष्ट असावी. आणि पुस्तकी उत्तर काढून झाल्यावर 'हे गृहीतक आपल्या जिल्ह्यात खरे आहे का, आणि ते कसे तपासाल' असा एक प्रश्न विचारला जावा. त्यासाठी लागणारी आकडेमोड अकरावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे.

एक दक्षता मात्र अपरिहार्य आहे. ज्या वर्गात हे उदाहरण सोडवले जाईल, त्याच वर्गात तीन बहिणींच्या पाठची एखादी मुलगी बसलेली असू शकते. वर्गात विद्यार्थ्यांच्या भावंडांची संख्या विचारून तक्ता बनवणे हा सोपा मार्ग असला तरी तो टाळला पाहिजे. जनगणनेचे प्रसिद्ध आकडे त्यासाठी पुरेसे आहेत.

समारोप

सशर्त संभाव्यतेचे सूत्र एका ओळीचे आहे आणि स्वतंत्र घटनांची व्याख्या त्याहूनही लहान. त्या लहानपणामुळेच त्यांच्या आकलनाविषयी समाधान मानले जाते. स्वातंत्र्य हा घटनांच्या वर्णनातून आपोआप मिळणारा गुण नव्हे. ते एक गृहीतक आहे आणि ते तपासावे लागते. पाठ्यपुस्तकाने ते न सांगता वापरले, तर विद्यार्थी ते कायमचे सत्य मानतो, किंवा वर्गाबाहेर पडताच विसरून नकुशीच्या समजुतीकडे परततो.

हे गृहीतक जेथे मोडते तेथेही ते निरुपयोगी ठरत नाही. सांगलीतील मुलींची तूट मोजता आली ती जन्म स्वतंत्र असते तर काय दिसले असते हे ठाऊक असल्यामुळेच. त्या अर्थाने स्वातंत्र्य ही मोजपट्टी आहे. पुस्तकातील १/३ हे उत्तर याच अर्थाने बरोबर आहे; कोणी हस्तक्षेप केला नसता तर काय दिसले असते, ते हे उत्तर सांगते. वास्तवातील ०.२८ आणि पुस्तकातील ०.३३ यांमधील अंतर गणिताच्या चुकीने पडलेले नाही. त्या अंतरात जन्माला येऊ न दिलेल्या मुली आहेत, आणि ते वाचता येण्याइतके गणित सातारा-सांगलीतील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आजही शिकवले जाते.